सुरंगीच्या दिवसांपर्यंत

डेंग्यू ऑक्टोबरात गेला.
केस जानेवारीत जायला लागले.
डॉक्टर म्हणाले, ताप उधारी ठेवून जातो,
तीन महिन्यांनी वसुलीला माणूस पाठवतो.

न्हाणीच्या जाळीवर रोज सकाळी
एक काळं घरटं.
मी ते कागदात गुंडाळून टाकते,
सासऱ्यांना दिसू नये अशा बेताने,
जसा काही चोरीचा माल.

बेर्तानं सांगितलं, जिलेटीन खा गो.
ती कुडचड्याच्या बेकरीत पुडिंगं करते,
पन्नाशीतही वेणी होडीच्या दोरखंडासारखी.
कशापासून करतात, मी विचारलं.
"हाडं, कातडी," आणि कस्टर्ड ढवळत राहिली.
"सोमवार पाळतेस ना? मग मंगळवारपासून धर."

पिवळट भुकटी. वास जवळजवळ नाहीच,
पण गरम पाणी पडलं की
पाकिटाच्या जुन्या डिंकाचा.
चमचाभर आधी गार पाण्यात फुगवायची,
वर कढत पाणी, लिंबू, नाक दाबून.
विसरलं तर पेल्यातल्या पेल्यात थरथरत घट्ट होते.
मग चमच्यानं खरवडून खायची,
ज्याची होती त्या जनावराची
मनातल्या मनात क्षमा मागत.

सासरे कानांनी गेलेले.
बत्तीस वर्षं रिवणच्या वाटेवरच्या दगडखाणीत
सुरुंग लावले त्यांनी.
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
त्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही,
देवळातली नाही, जेवायला चला हेही नाही.
पण नवऱ्याशी बोलताना मी हळूच
जिलेटीन म्हटलं,
आणि ते खुर्चीतून ताठ उठले:
"किती कांड्या?"

हसून हसून माझा पेला सांडला.
मग डोक्याकडे बोट दाखवलं, पाकीट दाखवलं.
त्यांनी भुकटी तीन बोटांत चोळली, हुंगली.
"ह्याने खडा हलायचा नाही," म्हणाले.

फेब्रुवारीत मी दिवसातून सहा वेळा आरशासमोर,
मोबाइलचा टॉर्च भांगावर.
एकदा त्यांनी पकडलं.
"न फुटलेल्या सुरुंगाकडे
लगेच जायचं नसतं,"
खाणीतल्या आवाजात ते म्हणाले,
सगळ्या वाड्यानं ऐकलं.
"लांब बसायचं. एक विडी ओढायची. मग दुसरी.
आमचा लाडू गेला होता बघायला."
लाडूचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही.
मी टॉर्च बंद केला.

आता मार्च. केप्याच्या बाजारात
बायका सुरंगीचे वळेसर घेऊन बसतात,
मधमाशा वर फुकट.
लग्नाच्या वर्षी मी चार एकदम माळले होते.
या वर्षी एकच घेतला, आखूड.
"सुरंगी," मी सासऱ्यांच्या कानात ओरडले.
त्यांना सुरुंग ऐकू आलं.
इतकी वर्षं दोन्ही शब्द एकाच घरात राहत होते,
माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

दोन पिना लावूनही वळेसर घसरला,
आमटीत पडता पडता वाचला.
मग दिवसभर टेबलाच्या खणात ठेवला.
पंचायतीतले जन्माचे दाखले
त्या दिवशी सगळे घमघमत गेले.

कपाळाच्या कडेला हल्ली काहीतरी टोचतं.
बोटांना लागतं, आरशात दिसत नाही.
बेर्ता म्हणते जिलेटीन,
डॉक्टर म्हणतात दिवस.
मी दोघांनाही मान डोलावते.

पण पाकीट फार लवकर संपतंय.
काल पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला.
सासरे ओट्याशी उभे,
टक्कल तिशीपासूनचं, दिव्याखाली चकाकणारं,
पेल्यात चमचा खणखणवताहेत,
केवढा आवाज होतोय त्यांना ठाऊक नाही.
मला पाहून दचकले.
"गुडघ्यांसाठी," म्हणाले.

मी लिंबू कापलं,
अर्धं त्यांना, अर्धं मला.